शिशाचं एल आणि डावा अंगठा

गावाबाहेरच्या राखीव रानात सकाळी सातच्या सुमारास एखादे गृहस्थ वाटेच्या कडेला पालथे पडलेले दिसले, तर आरडाओरडा करायचा नाही, हे तिथे रोज फिरायला येणाऱ्यांना आता पाठ झालं आहे. नवखी माणसं मात्र हमखास फसतात. मागे एकदा एक बाई धापा टाकत फाटकावरच्या राखणदाराकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, तळ्यापाशी कुणीतरी चक्कर येऊन पडलंय!" राखणदाराने हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही. "टोपी खाकी आहे का? मग ते एक्स-रे काका. एखाद्या किड्याचा फोटो चालला असेल."

एक्स-रे काकांनी छत्तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढले. "छाती टेकवा, खांदे पुढे, श्वास घ्या, रोखा, हलू नका, हं, सोडा," एवढं बोलण्यात ती सगळी वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावरही तोंडाची सवय सुटली नाही. आता ते हेच फुलपाखरांना सांगतात. फुलपाखरं काही श्वास रोखत नाहीत. मग काका स्वतःचाच रोखतात आणि फोटो होईपर्यंत कान लालबुंद करून घेतात. निवृत्तीच्या दिवशी लेकीने कॅमेरा हातात ठेवला तेव्हा तिला वाटलं होतं, बाबा आता आईला घेऊन डोंगर, समुद्र असं काही बघायला जातील. बाबा गेले ते घरापासून वीस मिनिटांवरच्या या रानात, आणि सात वर्षं झाली तरी तळ्याच्या पलीकडे सरकलेले नाहीत.

रानात फोटो काढणारे आणखीही आहेत, पण ते पक्ष्यांच्या मागे लागलेले. त्यांच्या कॅमेऱ्यांना हातभर लांबीची भिंगं असतात, म्हणून काकांनी त्यांचं नाव तोफवाले ठेवलं आहे. तोफवाले मान वर करून चालतात आणि काका मान खाली घालून. त्यामुळे आजवर दोनदा टक्कर झाली, आणि दोन्ही वेळा काकांनीच आधी त्यांच्या पायाखालचं गवत तपासलं, मग माणसाची चौकशी केली. पक्ष्यांशी त्यांचं काही वाकडं नाही. "छातीचा एक्स-रे कुणीही काढेल हो," ते म्हणतात. "करंगळीचं शेवटचं पेर नीट काढून दाखवा." तेव्हा काकांचा सगळा जीव करंगळीच्या पेरांत. गवतातली बारीक फुलं, पानामागची अंडी, कोळी, टोळांची पिल्लं, आणि शेवाळावर बसलेला बोटाच्या टोकाएवढा बेडूक.

फोटो मात्र असे की बघणाऱ्याला हसू आवरत नाही. प्रत्येकाचे दोन, एक समोरून आणि एक बाजूने, कारण त्याशिवाय तपासणी पुरी होतच नाही असं काकांचं मत. खाली क्रमांक, तारीख, वेळ. त्यापुढे सुवाच्य अक्षरात "बेडूक, डावी बाजू." काकूंनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "उजवी बाजू दाखवायला कधी बोलावलंय त्याला?" काकूंनी सगळी नोकरी वाचनालयात केली. तिथे जोरात बोलायची बंदी होती, म्हणून हळू आवाजात टोमणे मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

उजवी बाजू कधीच यायची नव्हती, त्याला कारण होतं. एक्स-रे डाव्या हाताचा की उजव्या हाताचा हे फिल्मवर कळावं म्हणून शेजारी शिशाचं छोटंसं अक्षर ठेवतात, डाव्यासाठी एल आणि उजव्यासाठी आर. निवृत्तीच्या दिवशी काकांना त्यांच्या खोलीतली ती जुनी अक्षरं भेट द्यायची असं खात्यातल्या मंडळींनी ठरवलं, पण आर कुठेतरी गहाळ झालं होतं. मग एकटं एलच डबीत घालून दिलं, पायाच्या कोपऱ्याचा टवका उडालेलं. तेव्हापासून ते काकांच्या शर्टाच्या खिशात असतं आणि ज्याचा फोटो निघेल त्याच्या शेजारी जाऊन बसतं. फूल असो, कोळी असो, अळीचं उष्टं पान असो, शेजारी एल आहेच. बरोबर बारा मिलिमीटर उंच. "मोजमाप नाही तो फोटो कसला? ते नुसतं चित्र," असं काका म्हणत, आणि या एका बाबतीत नाकावर माशी बसू देत नसत.

हे एल फाटकाशेजारच्या खोलीत फार गाजलं. त्या खोलीत दरवर्षी रानातल्या फोटोंचं प्रदर्शन भरतं आणि फोटो निवडायला चौकातला स्टुडिओवाला येतो. त्याने काकांचा फोटो तीन वर्षं परत केला.

"काका, फूल झकास आलंय. पण शेजारी हे लोखंड कसलं पडलंय?"

"लोखंड नाही, शिसं आहे."

"शिसं तर शिसं. ते काढा, मग बघू."

काका तिन्ही वर्षं फणकाऱ्याने घरी आले. पण खरं दुखणं प्रदर्शनाचं नव्हतंच. त्याच खोलीत, त्याच टेबलावर एक जाडजूड वही असते, आणि ती सांभाळतात यादीवाल्या बाई. बाईंनी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, पोरांना आणि प्राध्यापकांना सारखंच रडवलं. रानात जे जे सापडलं त्याची नोंद त्यांच्या वहीत. क्रमांक, तारीख, माप, आणि शेवटी शोधणाऱ्याचं नाव. तीनशे अकरा नोंदी. त्यांत सतरा ठिकाणी तोफवाल्यांची नावं. राखणदाराचं एक, कारण त्याच्या बुटात एकदा कुणालाच माहीत नसलेली गोम निघाली होती. काकांचं एकही नाही.

काका दर महिन्याला फोटोंचा गठ्ठा घेऊन जात. बाई पानं उलटत. "आहे. एकशे चाळीस. हेही आहे. बावीस. हे तर कुंपणाबाहेर कुठेही मिळेल." बाई वाईट नव्हत्या. काकांच्या एलचं त्या मनापासून कौतुक करत. "तुमच्याइतकं चोख माप कुणी आणत नाही," त्या म्हणत आणि गठ्ठा परत देत. काका हसून गठ्ठा घेत, पण घरी येईस्तोवर चेहरा उतरलेला असे. सात वर्षं पोटावर सरपटून त्या वहीत आपली एक ओळ नाही, ही गोष्ट त्यांना लागत होती. त्यांना पैसे नको होते, टाळ्या नको होत्या. एक ओळ हवी होती. काकूंना हे माहीत होतं आणि याच एका विषयावर त्या टोमणा मारत नसत.

चौथ्या वर्षी काका वाकले. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी खिशातलं एल काढलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात. "आज साधे फोटो," ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, घडीचं स्टूल काखेत मारलं आणि म्हणाल्या, "चला, मीही येते. गुडघ्यांवर हिरव्या झालेल्या तीन पँटी मी टाकून दिल्यात. बघू तरी असं काय असतं तिथे."

काय असतं ते बघून काकूंची निराशाच झाली. तळ्याकडे जाणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटेशेजारी काका आडवे झाले आणि पाऊण तास उठलेच नाहीत. काकू स्टुलावर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या. मग काका खालूनच दबक्या आवाजात म्हणाले, "इकडे ये गं जरा. हे बघ."

काकूंना आधी नुसतं गवत दिसलं. चष्मा वर-खाली केल्यावर दोन पात्यांच्या मध्ये एक फूल दिसलं, पांढरं, पाकळ्यांवर जांभळ्या रेघा. इतकं लहान की काकू म्हणाल्या, "हे फूल आहे की कुणी पेन झटकलंय?"

"पातं मध्ये येतंय. जरा धरून ठेवशील का बाजूला?"

काकू कशाबशा वाकल्या आणि डाव्या अंगठ्याने त्यांनी पातं मागे दाबलं.

"हलू नकोस हं," काका म्हणाले. "तुझी जुनी खोड आहे."

काकूंनी दातओठ खाल्ले, पण हलल्या नाहीत.

ही जुनी खोड म्हणजे अडतीस वर्षांपूर्वीची. काकू वाचनालयात नव्याने लागल्या होत्या आणि कार्डांच्या लोखंडी कप्प्यात त्यांचा डावा अंगठा चिमटला. सुजून टम्म झाला. इस्पितळाच्या तळघरात एका बारीक मिशीच्या तरुणाने अंगठ्याचा एक्स-रे काढला, आत जाऊन आला आणि खालमानेने म्हणाला, "फिल्म खराब झाली. हात हलला तुमचा. आज गर्दी आहे, उद्या परत यावं लागेल." त्या दुसऱ्या दिवशी आल्या. सहा महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. इथवर सगळं गोड आहे. पण इस्पितळात वाया गेलेल्या फिल्मांची एक वही असते, कुणाच्या हातून किती आणि का याची. छत्तीस वर्षांत काकांच्या नावापुढे त्या वहीत एकच ओळ पडली. कारण, पेशंट हलला. निरोप समारंभात मोठ्या डॉक्टरांनी ती वही सगळ्यांसमोर उघडून दाखवली आणि काका माईकवर म्हणाले, "ती पेशंट पहिल्या रांगेत बसली आहे." शंभर माणसं खो खो हसली. काकूही हसल्या, काय करतात?

तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, कुठेही फोटो काढायचा झाला की काका ऐकवत, "हलू नकोस हं." लेकीच्या लग्नातल्या एकूण एक फोटोत काकू श्वास कोंडून उभ्या आहेत आणि पाहुण्यांना वाटतं, ही बाई कुणावर तरी भडकली आहे. खरंच आपला हात त्या दिवशी हलला असणार, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. तरुण होते, मिशी होती, आपण घाबरलो असू.

तर त्या सकाळी काकू अंगठा रोवून बसल्या त्या बसल्याच. पाठीला रग लागली. एक मुंगी मनगटावरून चढून अंगठ्याच्या नखावर आली, तिथे थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि उतरून गेली. काकूंनी पापणीसुद्धा हलवली नाही. "झालं," काका म्हणाले तेव्हा काकूंना उठवायला राखणदाराला बोलवावं लागलं.

एवढं करून काकू नटूनथटून प्रदर्शनाला गेल्या, तर भिंतीवर काकांचं फूल होतं आणि अंगठा नव्हता.

"माझा अंगठा कुठे गेला?"

"कापला," काका म्हणाले. "म्हणजे फोटोतून. स्टुडिओवाला म्हणाला, शेजारी बोट दिसतंय, ते काढा."

"मुंगी चढली तरी मी हलले नाही. आणि तुम्ही सरळ कापलात?"

पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांचा फोटो पहिल्यांदाच भिंतीवर लागला होता आणि यादीवाल्या बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नव्हत्या, नाक काचेला लावून उभ्या होत्या.

"हे कुठे मिळालं?"

"फळ्यांच्या वाटेशेजारी. का हो?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हे बघा, या फुलाच्या दोन जाती आहेत. रूप अगदी एकसारखं. मोठी असते शर्टाच्या बटणाएवढी, ती आपल्या वहीत आहे, सत्याण्णव नंबर. धाकटी तीन मिलिमीटरची. ती या रानात असावी असं मला वीस वर्षं वाटतंय, पण कुणी दाखवलेली नाही." त्यांनी फोटोच्या चारही कडा निरखून पाहिल्या. "एल कुठाय?"

काकांचा हात शर्टाच्या रिकाम्या खिशाकडे गेला.

"नाही ठेवलं," ते म्हणाले.

"का?"

स्टुडिओवाला तिथेच होता, तो एकदम दुसऱ्या भिंतीवरचा बगळा बघू लागला.

"फार लहान होतं हो ते," काकू पुढे झाल्या. "मी पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत ते खरंच. पण वहीत 'फार लहान' असं लिहिता येत नाही." बाईंनाही वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या आवाजात कळत होतं. "तुमचं ते एल असतं ना काका, तर मी डोळे मिटून सही केली असती."

काका तसेच निघाले आणि तरातरा फळ्यांच्या वाटेकडे गेले. तिथे गवत नव्हतं. प्रदर्शनाला माणसं येणार म्हणून राखणदाराने वाटेच्या दोन्ही कडा आदल्या दिवशी साफ कापून ठेवल्या होत्या, आणि कौतुक होईल या आशेने तो काकांच्या मागोमाग आला होता. काका त्याला वळसा घालून घरी गेले. सात वर्षांत दोन हजारांवर फोटो, प्रत्येकात एल. ज्याची कुणालाच काडीची किंमत नव्हती अशा एकशे चाळीस नंबरच्या कोळ्याशेजारी एल. आणि ज्या एका सकाळी ते हवं होतं, त्या सकाळी ते कपाटात डबीत झोपलं होतं. काका जेवले नाहीत. दुपारी डबी उघडून एलकडे बघत बसले, जणू चूक त्याची होती.

काकूंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग भांडी विसळता विसळता थांबल्या.

"अहो, तुम्ही मूळ फोटो टाकून देता का?"

"मूळ कधी टाकायचं नसतं. नियम आहे."

"मग त्याच्यात माझा अंगठा आहे ना अजून? की तिथेही कापलात?"

काकांनी मान वर केली. बायकोकडे ते असे बघत राहिले की काकूंना आपल्या तोंडाला काही लागलंय की काय वाटलं. पुढच्या पाच मिनिटांत बाईंना फोन गेला आणि पुढच्या तासाभरात बाई पाठीच्या पिशवीत वही घालून स्वतः घरी हजर झाल्या. वीस वर्षं वाट पाहिली होती, त्याही काही कमी उतावीळ नव्हत्या.

काकांनी मूळ फोटो मोठा छापून टेबलावर पसरला. फूल, पातं, आणि पात्यावर काकूंचा डावा अंगठा, नखावर मुंगीसकट.

"अंगठा फुलाच्या अगदी शेजारी होता? पुढेमागे नाही?" बाईंनी विचारलं.

"पाकळी नखाला टेकली होती," काकू म्हणाल्या. "मला कळत होतं."

"मग झालंच. आता अंगठ्याचं माप मिळालं की बस."

इथे काकांचं जे झालं त्याला काय म्हणावं? सात वर्षांची एक ओळ समोर दिसत होती. माप म्हटलं की या माणसाला एकच माप माहीत, ते म्हणजे एल. एल आणि तो अंगठा शेजारी शेजारी कुठे आहेत, हे जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. "थांबा!" ते ओरडले आणि आतल्या खोलीत धावले. कपाटाच्या वरच्या फळीवरून पेट्या खाली आदळल्याचा आवाज आला. काका आले ते एक जुनं तपकिरी पाकीट घेऊन. त्यातून त्यांनी फिल्म काढली, सवयीने खिडकीच्या उजेडात धरली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "हे बघा बाई! डावा अंगठा आणि शेजारी एल. तेच एल, पायाचा टवका दिसतोय ना? आता एलचे बारा मिलिमीटर, त्यावरून अंगठा, अंगठ्यावरून फूल!"

"अहो," काकू म्हणाल्या, "अंगठा इथेच आहे की माझ्या हाताला."

त्यांनी तो वर करून दाखवला. बाईंनी तोवर पिशवीतून मोजपट्टी काढलीही होती. काका फिल्म धरून तसेच उभे राहिले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं. पण काकूंच्या ते आधीच ध्यानात आलं होतं.

"ही कुठली फिल्म?"

"तुझ्या अंगठ्याची," काका पुटपुटले.

"माझी फिल्म डॉक्टरांच्या फायलीत गेली. मी माझ्या हाताने दिली."

"ती दुसरी."

काकूंनी चष्मा घातला, फिल्म त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः खिडकीपाशी गेल्या. अंगठ्याची हाडं स्वच्छ दिसत होती. भोवती मांसाची फिकट कड दिसत होती. वरच्या पेराला केसासारखी भेग, तीसुद्धा दिसत होती. कोपऱ्यात तारीख होती, आणि काकूंनी तीस वर्षं पुस्तकांवरच्या तारखाच वाचल्या होत्या.

"यात काय खराब आहे?"

काकांनी रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं.

"मी हलले नव्हते."

"नव्हतीस."

"अडतीस वर्षं!" काकूंचा आवाज कधी नव्हे तो वाचनालयाबाहेरचा झाला. "शंभर माणसांना माझ्यावर हसवलंत! पोरीच्या लग्नात मी श्वास कोंडून मरायची बाकी राहिले! आणि मी हललेच नव्हते!"

बाईंनी खरं तर आता निघायला हवं होतं. त्यांनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.

"का पण?" काकूंनी विचारलं.

काकांनी बाईंकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग नाइलाजाने बायकोकडे. "तू दुसऱ्या दिवशी परत यावीस म्हणून. दुसरं काही सुचलं नाही. बाहेर अकरा माणसं रांगेत होती."

ज्या माणसाने छत्तीस वर्षांत एक फिल्म वाया जाऊ दिली नाही, ज्याला त्या कोऱ्या रकान्याचा इतका अभिमान होता, त्याने पंचविशी-तिशीतच त्यात एक खोटी ओळ स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती, आणि ती चांगली फिल्म इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांपासून लपवून जपली होती. काकूंना राग आला होता, तो खरा होता. आणि त्यांना इतका आनंद झाला होता की त्या पाठमोऱ्या होऊन उगाचच खिडकीचा पडदा नीट करत राहिल्या.

मग त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट स्वतःच्या पर्समध्ये. "फिल्म पेशंटची असते, तुम्हीच सांगत होतात ना सगळ्यांना? ही आता माझ्याकडे राहील." एवढं बोलून त्या टेबलाशी बसल्या आणि डावा हात बाईंसमोर ठेवला. "घ्या माप."

अंगठ्याचं नख अकरा मिलिमीटर भरलं. छापलेल्या फोटोत ते चव्वेचाळीस होतं आणि फूल बारा. बाईंनी भागाकार दोनदा केला, काकांनी तिसऱ्यांदा. फूल तीन मिलिमीटरचं होतं. बाईंनी वही उघडली, नवी ओळ आखली आणि क्रमांक घातला, तीनशे बारा. काका श्वास रोखून बघत होते, आणि या वेळी त्यांना कुणी रोखायला सांगितलं नव्हतं.

"शोधणारे?" बाईंनी विचारलं.

"दोघांची नावं लिहा," काका म्हणाले.

बाईंनी लिहिली. "माप कशावरून घेतलं तेही लिहावं लागतं. काय लिहू? पत्नीचा डावा अंगठा?"

"त्यापुढे 'न हललेला' असं लिहा," काकू म्हणाल्या.

"असं वहीत—" काका म्हणायला लागले.

बाईंनी शांतपणे लिहून टाकलं आणि खाली सही केली.

आता रानात कुणी पाहुणा आला की काका त्याला फाटकाशेजारच्या खोलीत नेतात आणि वहीतली तीनशे बारा नंबरची ओळ दाखवतात. तोफवाल्यांना तर दोनदोनदा दाखवून झाली. दाखवताना ते खिशातून एल काढून ओळीच्या शेवटी ठेवतात, वारा आला तर पान उडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. शेवटचे दोन शब्द नेमके त्याखाली जातात. काकू बरोबर असल्या की त्या एल उचलून बाजूला ठेवतात आणि पाहुण्याला म्हणतात, "पुढचंही वाचा."